बर्फावरची पहिली पावले

सेवानिवृत्तीनंतर माणसाने नवे काही शिकू नये, असा नियम कोठेही लिहिलेला नाही. तरीही आपण तो निष्ठेने पाळतो. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे ऑस्लोला असताना, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी तो मोडला. ‘हाड मोडले तर?’ हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्तच होता.

नॉर्वेची माणसे पायांत स्की घालूनच जन्मतात, असे तेथे म्हणतात. मेट्रोच्या १ क्रमांकाच्या गाडीने आजीआजोबाही फ्रोग्नरसेतेरेनला उतरतात आणि नूरमार्काच्या अरण्यात चालू लागतात. ही डोंगरावरून वेगाने घसरण्याची क्रीडा नव्हे. येथे बुटाचे केवळ टोक स्कीला जोडलेले असते, टाच मोकळी राहते.

स्की निवडताना उंचीइतकेच वजन महत्त्वाचे. स्की मध्यभागी किंचित कमानदार असते. दोन्ही स्कींवर समान भार देऊन उभे राहिल्यास पावलाखालून कागद सरकला पाहिजे. सर्व भार एका स्कीवर देताच तो अडकला पाहिजे. काठ्या साधारण काखेपर्यंत याव्यात. आरंभी काठ्यांविना, सपाट जागी तोल साधावा. पडल्यास दोन्ही स्की उताराला आडव्या घेऊन, गुडघ्यांवर येऊन उठावे. पहिल्या दिवशी मी हा पाठ अनेकदा गिरवला!

खरी गंमत मेणात आहे. टोकाकडे व शेपटाकडे सरकण्याचे मेण, तर पावलाखाली पकडीचे मेण लावतात. पकडीचे मेण तापमानानुसार बदलते. थंडी जितकी कडक, तितके मेणही कडक. फ्लोरिनयुक्त मेण पर्यावरणात टिकून राहत असल्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०२३-२४च्या हंगामापासून त्यावर बंदी आहे.

परतल्यावर स्की पुसून कोरडी करावी. हंगाम संपताच जुने मेण काढावे आणि तळावर सरकण्याच्या मेणाचा थर इस्त्रीने चढवावा. इस्त्री एका जागी थांबू देऊ नये. हा थर न खरवडता तसाच ठेवला, की उन्हाळाभर तळ सुरक्षित राहतो. आपण व्यापारी माणसे घसाऱ्याची तरतूद जाणतोच. हीही तशीच तरतूद होय.

बँकेच्या बदल्यांमुळे मुलाच्या बालपणी मी घरी क्वचितच असे. आता संध्याकाळी तो मेण लावायला शिकवी, मी शिके. ‘बाबा, हात हलका ठेवा,’ असे म्हणता म्हणता तो स्वतःच्या नोकरीविषयी, एकटेपणाविषयी बोलू लागे. फोनवर तो हे कधीच बोलला नव्हता. म्हणून सांगतो, मुले दूरदेशी असतील तर त्यांच्याकडून काहीतरी शिकायला जा. पाहुणा म्हणून गेल्यास एवढे ऐकायला मिळत नाही.