पोटखराबा

गेल्या पौषात आम्ही दोघे भाऊ आपापल्या कुटुंबांसह चार दिवस कामथडीला राहिलो. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरजवळचे हे गाव. गावाबाहेर माळाच्या कडेला एक लहानशी बंगली भाड्याने मिळाली होती. मुलांना सुटी, आम्हा वृद्धांना मोकळी हवा, एवढाच हेतू असावा अशी माझी समजूत होती. परंतु भुसार मालाची पेढी मुलांच्या हाती सोपवल्यापासून दादांना गावाबाहेर घर बांधण्याचे वेध लागले होते, आणि बंगलीमागच्या उतारावरचा एक तुकडा दलालाने त्यांना आधीच सुचवला होता. आमची वडिलोपार्जित शेती नावावर असल्याने खरेदीत अडचण नव्हती. "जमीन पडीक आहे, शेटजी. गवताशिवाय तिच्यावर काही नाही," असे दलालाचे म्हणणे. सातबाऱ्यावरही तिचा बराचसा भाग पोटखराबा म्हणून लागला होता. कागद माझ्या हाती देत दादा म्हणाले, "तू बँकेत जन्मभर हेच पाहिलेस. निघण्यापूर्वी तुझे मत सांग."

पहिल्या दिवशी बनेश्वरला गेलो. पेशवेकालीन शिवमंदिराभोवती वनखात्याने राखलेले दाट बन आहे आणि जवळून शिवगंगा वाहते. मुलांना ते फार आवडले. जंगल म्हणजे असेच असावे, अशी त्यांची कल्पना. म्हणूनच तिसऱ्या दिवशी कापूरहोळ, सासवड, जेजुरी, मोरगाव असा प्रवास करून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात पोहोचलो, तेव्हा त्यांची निराशा झाली. "आजोबा, इथे तर झाडेच नाहीत!" नातीने तक्रार केली. तिचे खोटे नव्हते. सह्याद्रीच्या पायथ्यापासून आम्ही दोनअडीच तासांत पर्जन्यछायेच्या प्रदेशात आलो होतो. समोर पिवळे पडलेले गवत, मधूनमधून खैर, हिवर आणि बोरीची झुडपे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे.

दादांनी येताना ज्वारीची पिशवी आणली होती. घरच्या गच्चीवर रोज पाखरांना दाणे टाकल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. पांजरपोळाच्या कामातही त्यांची अनेक वर्षे गेली. वनरक्षकाने नम्रपणे पिशवी गाडीतच ठेवायला सांगितली. "यांना काही घालायचं नसतं, काका. यांचं यांना मिळतं." दादा थोडे दुखावले. मात्र मुकाट्याने त्यांनी पिशवी सीटखाली सरकवली.

थोड्याच वेळात पाच चिंकारे दिसले. गवताच्याच रंगाचे असल्याने प्रथम केवळ हलणाऱ्या शेपट्याच जाणवल्या. काही अंतर धावून ते थांबले आणि वळून आमच्याकडे पाहू लागले. वनरक्षकाने सांगितले की त्यांना पाणी फार थोडे लागते. पाल्यातल्या ओलाव्यावरही ते दिवस काढतात. वर एक भोवत्या पक्षी गवताला जवळजवळ टेकून घिरट्या घालत होता. हिवाळ्यात तो मध्य आशियातून अशाच माळांवर उतरतो. रात्रीचा मुक्कामही गवतात, जमिनीवरच. मुले आता गप्प होती.

मी मात्र निराळ्या कारणाने गप्प होतो. १९८९ साली याच टापूतल्या एका शाखेत मी कनिष्ठ अधिकारी होतो. तो काळ पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याच्या उत्साहाचा. १९८५ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय मंडळच स्थापन केले होते. सहा एकर माळ सपाट करून विहीर खणण्यासाठी एका शेतकऱ्याने कर्ज मागितले होते. पाहणीला गेलो तेव्हा तिथे मेंढरे चारणारा एक म्हातारा धनगर म्हणाला, "सायेब, माझी शंभर मेंढरं हितं चार महिने जगत्यात. पडीक कशी म्हनता?" आमच्या छापील नमुन्यात त्याच्या मेंढरांसाठी रकाना नव्हता. 'सध्याचा वापर' या रकान्यात मी लिहिले, 'पडीक, उत्पन्न नाही', आणि शिफारस केली.

वीतभर मातीखाली मुरूम होता. सपाटीकरणात ती वीतभर मातीही विस्कटली, आणि जे उरले ते गवताच्या मुळांचा आधार नसल्याने दोन पावसाळ्यांत वाहून गेले. विहिरीला जेमतेम पाणी लागले. कर्ज थकले, नोटिशीवर सही माझीच. त्या गृहस्थाने अखेर जमीन विकली. कर्ज वसूल झाल्यामुळे माझ्या सेवापुस्तकात त्याचा कुठेही उल्लेख नाही.

सूर्यास्तापूर्वी बंगलीवर परतून जेवण आटोपले, तेव्हा ही हकीकत मी दादांना सांगितली. छत्तीस वर्षांत घरी कोणालाही सांगितली नव्हती. ते काहीच बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्यांनी काठी घेतली आणि मला त्या उतारावर घेऊन गेले. कुसळे मोज्यांत रुतत होती. तित्तिराची हाक ऐकू आली, सशाच्या लेंड्या दिसल्या. एका ठिकाणी दादा एकदम थांबले आणि मलाही हाताने अडवले. पायाशी मुंग्यांचे वारूळ होते. तोंडाभोवती गवताच्या बियांच्या फोलपटांचे गोल कडे, आणि मुंग्यांची रांग एकेक दाणा आत नेत होती. पन्नास वर्षे धान्य पाखडलेला तो माणूस खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला. "अरे, हे तर भुसाराचे गोदाम," ते म्हणाले. "माल आत, फोलपट बाहेर. सातबाऱ्यावर यांची नोंद कुठे आहे?"

परतताना त्यांनी एवढेच विचारले, "घराचा पाया किती खोल घ्यावा लागेल?"

"मुरूम लागेपर्यंत. वीतभरच माती आहे."

ते कागद अजून माझ्या टेबलावर आहेत. विसार देण्याची मुदत अक्षय्य तृतीयेपर्यंत आहे. 'सध्याचा वापर' या शब्दांपुढे मी पेन्सिलीने तित्तिर, ससा आणि मुंग्या एवढे लिहिले आहे. एकदा पावसाळ्यात जाऊन पाहिल्याशिवाय यादी पुरी होणार नाही, असे दादांना कळवले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे.