खटखटाटाच्या गावातला समुद्र

समुद्र बघायला तुम्ही कुठे जाल? अलिबाग, गणपतीपुळे, फार तर तारकर्ली. मी मात्र गेल्या महिन्यात समुद्र बघायला कबनूरला गेलो. हो, तेच कबनूर, कोल्हापूर जिल्ह्यातलं, इचलकरंजीला अगदी खेटून असलेलं. इथून खरा समुद्र दीडशे किलोमीटरवर, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. आणि मी काही फिरायला चाललो नव्हतो बॉस. मी माफी मागायला चाललो होतो, आठ वर्षांच्या एका मुलीची.

कबनूर म्हटलं की आसपासच्या लोकांना जंदीसो-ब्रानसोचा उरूस आठवतो. माझ्यासारख्या पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला आठवतो तो आवाज. 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला आणि मग तो आवाज शेजारच्या गावांतही शिरला. गल्लीत वळलात की खटक-खटक सुरू. पहिल्या दिवशी डोकं उठतं, दुसऱ्या दिवशी सवय होते आणि तिसऱ्या दिवशी लाईट गेली की शांततेनेच दचकायला होतं.

मामांचा कारखाना खाली, घर वर. जिना चढलं की समोर चार फुटांची काचेची टाकी. निळसर उजेड, खडक आणि खाऱ्या पाण्यातले मासे. हा माझ्या मामेभावाचा, दादाचा नाद. मागांची थरथर पोचू नये म्हणून त्याने स्टँडखाली रबराचे जाड तुकडे घातलेत. पाणी सुमारे अडीचशे लिटर. त्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या हिशेबाने साडेआठ-नऊ किलो खास मीठ. तेही फिल्टरच्या पाण्यात, टीडीएस शून्याच्या जवळ आल्यावरच. पहिला मासा सोडण्याआधी त्याने सहा आठवडे नुसत्या खडकांची टाकी चालवली होती. माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतोच.

"सहा आठवडे रिकामी टाकी बघून मामी काय म्हणायच्या?" मी एकदा विचारलं होतं.

"म्हणायच्या, बिनसुताचा माग चालवतोयस व्हय रे?"

निळा गुंड

आता माझा गुन्हा. गेल्या दिवाळीत मुंबईहून येताना मी एका दुकानातून निळा डॅमसेल घेतला. दीड इंचाचा, विजेसारखा निळा आणि दुकानात सगळ्यात स्वस्त. दादाकडे तेव्हा क्लाउनफिशची जोडी होती आणि एक फायरफिश. पुढून पांढरा, मागे लाल होत जाणारा, डोक्यावर काडीसारखा पर उभारून एका जागी तरंगणारा. दादाच्या मुलीने त्याचं नाव ठेवलं होतं उदबत्ती.

दोन दिवसांत निळ्याने टाकीचा डावा कोपरा ताब्यात घेतला. आठवड्यात अर्धी टाकी. डॅमसेल असाच असतो. प्रवाळाच्या बेटावर त्याची हातभर जागा असते आणि तिथे कुणी आलं की तो आकाराने दुप्पट माशाच्याही अंगावर जातो. समुद्रात समोरचा पळून जातो. टाकीत पळणार कुठे? उदबत्ती खडकाच्या फटीत बसून राहिला, खायलाही बाहेर येईना. फायरफिश घाबरला की वर उडी मारतो. एका सकाळी तो फरशीवर सापडला, कापसाच्या बोंडऱ्यात, वाळून.

टाकीवर जाळी नव्हती ही दादाची चूक. पण मासा मी आणला होता. फोनवर पोरगी माझ्याशी बोलेना. "काका आला तर मी आजीकडं झोपणार," एवढाच निरोप.

दिसतो छान, पण...

मी पोचलो तेव्हा दादा मोबाईलवर फोटो बघत बसला होता. नवा मासा घ्यायचा होता आणि त्याला रंग हवा होता. दादाला दिवसभर पांढरं कापड बघायचं, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांना रंग हवाच, हा त्याचा फंडा.

पहिला फोटो पिकासो ट्रिगरचा. चित्रकाराने ब्रश पुसल्यासारखा. पण त्याचे दात खेकडे आणि कोळंबी फोडायला बनलेत. टाकीतली साफसफाई करणारी कोळंबी म्हणजे त्याचा नाश्ता. दुसरा लायनफिश. पंख पसरून फिरणारा, अंगाने शांत, पण काट्यांत विष आणि तोंडात मावेल तो मासा गिळणार. तिसरा मरून क्लाउन. क्लाउनफिशमधला सगळ्यात तापट, त्याच्यासमोर दादाची जोडी टिकणं अवघड. चौथा रॉयल डॉटीबॅक. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, जाम देखणा. पण निळ्याचाच थोरला भाऊ शोभेल असा.

"म्हणजे रंग आला की राग आलाच?" दादा वैतागला.

तसंही नाही. ऑर्किड डॉटीबॅक हा तांबड्या समुद्रातला जांभळा मासा आपल्या भावंडांपेक्षा बराच मवाळ असतो आणि तो हॅचरीत वाढवलेलाही मिळतो. क्लाउनफिश तर आपल्याकडेही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हॅचरीत वाढवून दाखवलेत. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा घ्यावा. काही देशांत मासे गुंगवायला सायनाइड वापरतात, त्यात प्रवाळही मरतात. आणि जिवंत प्रवाळाचा मोह आवरा. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून त्याला संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणं हा सरळ गुन्हा. दादाच्या टाकीतले प्रवाळ नकलीच आहेत आणि क्लाउनफिशना त्याचं काही वाटत नाही.

आधी ताणा, मग बाणा

पण निळ्याचं काय? त्याला पकडायला आम्ही जाळी घेऊन दोन तास पाणी ढवळलं. सॉलिड पचका झाला. शेवटी मामा खालून आले, अंगावर सुताची भुरी. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि मग कोल्ड्रिंकची बाटली मागितली. वरचा भाग कापून उलटा आत बसवला, आत खाणं टाकलं. "तुम्ही शिकलेली माणसं मागं पळताय," ते म्हणाले. "त्याला येऊ द्या की." वीस मिनिटांत निळा बाटलीत!

आता त्याचा निकाल. नदीत सोडला तर पंचगंगेच्या गोड्या पाण्यात तो मरणार. कुणाला देऊन टाकावा, तर तिथे पुन्हा हेच. दरवाजाआडून आवाज आला, "तो एकटा राहील की."

पोरगी आजीच्या खोलीतून सगळं ऐकत होती.

तिचंच ठरलं. निळा एका छोट्या टाकीत, वेगळा. मोठ्या टाकीतले खडक आम्ही उचलून नव्याने मांडले, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या. आता आधी भित्रे मासे येतील, मग मधले आणि सगळ्यात भांडखोर तो सगळ्यात शेवटी. निळा परत आलाच तर तेव्हा, तोही काही दिवस छिद्रं पाडलेल्या डब्यातून आधी सगळ्यांना बघून. मामांना हे लगेच पटलं. "ताणा नीट लागला नाही तर बाण्याला शिव्या देऊन काय उपयोग?"

आणि हो, टाकीवर जाळी बसली.

निघताना मामींनी भडंगाचा पुडा हातात दिला. पोरगी जिन्यापर्यंत आली. खाली माग सुरू झाले होते, त्यामुळे तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"काका, नवीन उदबत्ती आणणार असशील तर आधी मला फोन कर!"

जाणार असाल तर

मुंबई-पुण्याहून इचलकरंजीची एसटी घ्या किंवा मिरज-कोल्हापूर मार्गावर हातकणंगले स्टेशनला उतरा. टाकी घ्यायचा विचार असेल तर त्याआधी एक विकेंड रत्नागिरीला काढा. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. काचेसमोर अर्धा तास नुसते उभे राहा. रंग पहिल्या मिनिटाला दिसतो, स्वभाव कळायला बाकीची एकोणतीस लागतात.