मलप्रभेच्या उताराने

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात थांबते. मधला मुलूख आपल्यापैकी बहुतेकांनी यल्लम्माला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेला असतो, तोही अर्धवट झोपेत. यंदा एळ्ळ अमावस्येला हा रस्ता सायकलने केला. खानापूर, पारिश्वाड, इटगी, एम. के. हुबळी, बैलहोंगल, सौंदत्ती; नव्वदेक किलोमीटर.

खानापुरातून निघालो तेव्हा नदीवर धुकं होतं. भात कापून, मळून झालेलं. शेतात पिंजराच्या गंज्या आणि ओलीवर पेरलेला मसूर. पुलाजवळच्या चहावाल्या आजोबांनी टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, "सौंदत्ती? बाळा, चालत गेलेलो आम्ही. पण वाऱ्याकडं बघून जा." त्यांचं खरं होतं. बैलहोंगलनंतर समोरून वारा लागला की नऊ गिअर असून नसल्यासारखेच.

पारिश्वाडपासून ऊस सुरू होतो आणि त्यासोबत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. त्यांच्यावरची गाणी अर्धा किलोमीटर आधी ऐकू येतात, हा त्यांचा एकमेव उपकार. आवाज आला की मुकाट्यानं बाजूच्या मातीत उतरायचं.

भाषा कुठे बदलते, हे पाहायचं मी ठरवलं होतं. पण तशी जागा सापडत नाही. एका टपरीवर मालक माझ्याशी मराठी, बायकोशी कन्नड आणि म्हशीशी दोन्ही बोलत होता. बदलते ती माती. भाताच्या 'गद्दे' संपतात, 'होला' सुरू होतात. तांबडी मसारी मागे पडते आणि एरी, म्हणजे काळी, दोन्ही बाजूंना पसरते. कन्नडमध्ये शेताला असे दोन शब्द का आहेत, हे मला सायकलवर नीट कळलं.

एम. के. हुबळीला पुलावर पाणी प्यायलो. बसवण्णांच्या पत्नी गंगांबिका यांचं ऐक्यस्थळ इथेच नदीत आहे. वर महामार्गावर ट्रकांची रांग, खाली संथ पाणी.

बैलहोंगल ओलांडल्यावर जालीचा काटा मागच्या चाकात शिरला. समोरच्या शेतात एक कुटुंब बन्नीच्या झाडाखाली पूजा उरकून जेवायला बसलं होतं. घरातले वडीलधारे चरग शिंपडत ज्वारीच्या ताटांतून फिरत होते. लातूरकडची येळवस ती हीच. मी ट्यूब काढेपर्यंत हाक आली, "ऊट आतेन्री?" नाही म्हणायची सोय नव्हती. सज्जी रोट्टी, एण्णेगाई, पुंडी पल्या, शेंगा होळगी. शेतात बसून खाल्लेल्या रोट्टीला घरच्या ताटात ती चव येत नाही, हे इथल्या लेकी-सुनांना सांगायला नको.

आजींनी तांब्यातलं पाणी जपून ओतलं. कुठून आलो ते सांगितलं, तर म्हणाल्या, "निम्म कडे नीर भाळ, अल्री?"

काय उत्तर द्यावं? आमच्याकडे पाऊस कोसळतो, हे खरं. ऑगस्ट २०१८ च्या म्हादई निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी मिळालं. त्यातलं ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. वाद त्यानंतरही मिटला नाही. कणकुंबीकडच्या माणसाला जंगलाची आणि झऱ्यांची काळजी; नविलतीर्थच्या पाण्यावर पिणारं हुबळी-धारवाड आणि नरगुंद-नवलगुंदकडची शेतं. दोन्हीकडे माझे सोयरे आहेत. "आहे आजी, पण मे महिन्यात आमच्याही विहिरी तळाला जातात," एवढंच कन्नडमध्ये जमवून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी एक होळगी वाढली. पटलं की नाही, कळलं नाही.

पंक्चर त्यांच्या नातवानं काढलं. पैसे घेतले नाहीत. गिअर बदलत बांधापर्यंत एक फेरी मात्र मारली.

शेवटचे वीस किलोमीटर वाऱ्याशी झुंजत गेले. हरभऱ्याला घाटे धरलेले, कापसाची शेवटची वेचणी. सौंदत्तीचा डोंगर दिसायला लागल्यावरही तासभर तो जवळ येत नाही. ऊन उतरताना धरणाचं पाणी दिसलं. सकाळी खानापुरात धुक्याखाली होती तीच नदी, इथे ती समुद्रासारखी. काठानं शेंगदाणे विकणारी बाई मराठीतच बोलली.

परतीला सायकल बसच्या टपावर चढवली. कंडक्टरनं तिचं लगेज तिकीट फाडलं आणि विचारलं, "एवढं चालवत आला, मग जाताना काय झालं?"