झाकणाखालची धूळ

धाकटीची बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि आमचा जुना संगणक अर्ध्या तासात बंद पडू लागला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." हाताशी होते ते पैसे तिच्या फीचे.

अब्बा म्हणाले, "आधी उघडून तर पाहा." बायोसमध्ये तापमान ९० अंशांवर! प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून यंत्र आपोआप बंद होते. प्लग काढून झाकण उघडले. पंख्याखाली धुळीचा थर. हीटसिंक काढला, तर थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. ब्रशने धूळ झाडली, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. तापमान ५० वर आले.

फी वेळेवर भरली. नवे घेण्याआधी जुन्याचे झाकण उघडावे, एवढे आम्ही शिकलो.