लोधिवलीहून पिझ्झा खायला

बालमित्रांनो, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून खोपोलीकडे निघालात, की चौकजवळ लोधिवली लागतं. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातलं हे गाव. जवळून पाताळगंगा वाहते, पावसाळ्यात भाताची खाचरं हिरवीगार होतात आणि ढग बाजूला सरले की इर्शाळगडाचा सुळका दिसतो. इथल्या मुलांना मी शिकवते. आज तुम्हाला आमच्या मुंबईच्या एका फेरीची गंमत सांगणार आहे.

चौथीच्या चार मुलांना चित्रकलेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. समारंभ मुंबईला होता. निघण्याआधीच मुलांनी मला घेरलं. "बाई, तिकडे पिझ्झा मिळतो ना? टीव्हीवर दाखवतात तो!" चौघांपैकी एकानेही पिझ्झा खाल्लेला नव्हता. मग ठरलं, समारंभ झाला की पिझ्झा!

एसटीने पनवेल, तिथून हार्बरच्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बक्षिसं घेतली आणि चालत चालत चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला आलो. समुद्र पाहून मुलं हरखूनच गेली. तिथे कोपऱ्यावर सूना महल नावाची गोलसर, जुनी, देखणी इमारत आहे. मरीन ड्राइव्हच्या अशा इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिलं, बरं का! याच सूना महलात तळमजल्यावर 'पिझ्झा बाय द बे' हे हॉटेल.

रविवार होता. दाराशी ही गर्दी! छान कपड्यांतली माणसं, आत काट्याचमच्यांचा आवाज. आमच्यातला ठाकरवाडीचा मुलगा दारातच थबकला. त्याने आपल्या चपलांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, आपल्याला आत घेतील काय?"

बाकीचे तिघेही माझ्याकडे बघू लागले. म्हणजे प्रश्न त्या एकट्याचा नव्हता.

"का नाही घेणार? आपणही पैसे देऊनच खाणार आहोत," मी म्हटलं. पण एवढ्याने काही त्याचा चेहरा खुलला नाही. जागा व्हायला वेळ होता. आमचं नाव लिहून दिलं, रस्ता ओलांडला आणि समुद्राकाठच्या कट्ट्यावर बसलो. तिथे मी त्यांना पिझ्झ्याची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

इटली देशात नेपल्स नावाचं शहर आहे. मुंबईसारखंच समुद्राकाठचं, बंदराचं. तिथे गोदीत राबणारे, ओझी वाहणारे, मासे पकडणारे पुष्कळ गरीब लोक राहायचे. घरं इतकी लहान, की धड चूलही मांडता येऊ नये. त्यांना स्वस्त आणि उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी हवं असे. मग भट्टीत भाजलेली चपटी रोटी, तिच्यावर लसूण, मीठ, थोडी चरबी किंवा तेल. हाच त्यांचा पिझ्झा! फेरीवाले तो गल्लोगल्ली विकायचे. पुढे त्यावर टोमॅटो आला. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. युरोपात तो पोचला तेव्हा पुष्कळांना तो विषारी वाटे, पण गरिबांनी तो खाऊन पाहिला आणि त्यांना आवडला!

श्रीमंत लोक पिझ्झ्याला नाकं मुरडत. मग १८८९ साली इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली, तेव्हा राफाएले एस्पोझितो नावाच्या भटारी कारागिराने तिच्यासाठी पिझ्झा केला, अशी कथा सांगतात. लाल टोमॅटो, पांढरं चीज, हिरवी तुळशीसारखी पानं, म्हणजे इटलीच्या झेंड्याचे तीन रंग. त्या पिझ्झ्याला आजही मार्गेरिता म्हणतात. पोटासाठी परदेशी गेलेल्या इटालियन लोकांनी पिझ्झा अमेरिकेत नेला आणि तिथून तो जगभर पसरला. आपल्याकडे मोठ्या परदेशी कंपन्यांची पिझ्झ्याची दुकानं १९९६ पासून निघाली.

"म्हणजे हा मजुरांचा वडापावच की!" एक मुलगी म्हणाली. अगदी बरोबर! दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला तो परवडायचा, चालता चालता खाता यायचा. आणि गंमत बघा, त्यातला बटाटा आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून आलेली, तर पाव पोर्तुगीजांनी आणलेला. तरी वडापाव आपला तो आपलाच!

आमचं नाव पुकारलं गेलं. या वेळी ठाकरवाडीचा गडी सगळ्यात पुढे होता.

आत बसल्यावर मी मुलांना आधी भाव वाचायला लावले. दोस्तांनो, हे लक्षात ठेवा. कितीही मोठं हॉटेल असो, भाव बघण्यात लाज कसली? आपल्या खिशाला झेपेल तेच मागवावं. आम्ही दोन पिझ्झे मागवले. शेजारच्या टेबलावर सुरी-काट्याने खाणं चाललं होतं. मुलं बावरली. मी सांगितलं, नेपल्सच्या रस्त्यावर लोक पिझ्झ्याची पैशांच्या पाकिटासारखी चौघडी करतात आणि हातात धरून खातात. झालं! सगळे हातांनी तुटून पडले. चीजच्या तारा लांबल्या, हनुवटीला चिकटल्या आणि हसून हसून पुरेवाट झाली.

"बाई, ही कडा एवढी फुगली कशी?" यीस्ट नावाचे अतिसूक्ष्म जीव पिठातली साखर खातात आणि वायू सोडतात. त्या वायूचे बुडबुडे भट्टीत फुगतात. पाव असाच फुगतो. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तर सुमारे ४८५ अंश सेल्सिअस उष्णता असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत तयार! ही कला इतकी नाजूक, की २०१७ साली युनेस्कोने तिचाही गौरव केला. अस्सल नेपल्सच्या पिझ्झ्यावरचं मोझरेला चीज बरेचदा म्हशीच्या दुधाचं असतं, हे ऐकून मात्र मुलांचा विश्वासच बसेना.

मग आला गणिताचा तास. तुकडे सोळा, खाणारे पाच. प्रत्येकी तीन झाले, एक उरला. त्याचं काय करायचं? चौघांनी एकमताने ठरवलं, की ठाकरवाडीच्या आजीसाठी न्यायचा.

दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप शाळेत आला. तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला, चव घेतली आणि म्हणाली, "ही तर भाकरीच! वरनं कालवण लावलंय, एवढंच."

बघा, आजीने एका वाक्यात सगळा इतिहास सांगून टाकला! मुलांनो, पिझ्झा खायला गेलात तर ताठ मानेने जा. आणि डब्यात तांदळाची भाकरी असेल, तर ती मैत्रिणींसमोर लपवू नका. आजी-आजोबांना एक प्रश्न जरूर विचारा, "तुमच्या लहानपणी कामावर जाताना लोक काय बांधून न्यायचे?" उत्तर वहीत लिहून ठेवा. कोण जाणे, त्यातलाच एखादा पदार्थ उद्या नेपल्सची मुलं रांग लावून खातील!