सुट्टीतली एक दुपार, वाचनालयाच्या नावे

मैत्रिणींनो, मे महिना लागला की घरोघरी एकच धोशा, "आई, आता काय करू?" आंबे-फणस खाऊन होतात, समुद्रावर भटकून होतं, तरी दुपार काही सरत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय सांगते.

अमेरिकेत कितीतरी गावांत वाचनालयाच्या सभासदाला पुस्तकासारखाच संग्रहालयाचा पासही घरी नेता येतो. त्यावर सारं कुटुंब फुकटात किंवा सवलतीत संग्रहालय पाहून येतं. आपल्याला असा पास कोण देणार? पण वाचनालय नि संग्रहालय यांची गाठ आपली आपणच घातली तर?

गेल्या मे महिन्यात डब्यात घावणे-चटणी घेऊन मुलांना मालवणहून एस.टी.नं सावंतवाडीला नेलं. राजवाड्यात तिकीट काढून गंजिफा पाहिल्या. हातानं रंगवलेले गोल पत्ते! दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं. ही कला विझत चालली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा जीव दिला. जत्रेत रात्र-रात्र दशावतार पाहणारा आमचा धाकटा विचारतो कसा, "कूर्म म्हणजे कासव ना? मग त्याच्या पानांत राजा नि प्रधान कसे?" मला काही सांगता येईना.

तलावाजवळ श्रीराम वाचन मंदिर आहे, १८५२ सालचं. तिकडे बोट दाखवून म्हटलं, "अशा ठिकाणी उत्तरं मिळतात." तो म्हणाला, "मग तू कधी जातेस?"

खरं सांगू? मी जातच नव्हते. आमच्या गावच्या वाचनालयाची वर्गणी यांच्या नावाची, पुस्तकंही हेच आणायचे. बी. ए. झालेली मी, पण त्या दारातून आत कधी गेले नव्हते.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते माझ्या नावानं सभासद होण्याचं. शनिवारी आम्ही तिघं अवतारांवरचं पुस्तक शोधत बसलो. दुपार कशी गेली, कळलंही नाही.

आणखी एक सांगते. १९६७ च्या कायद्यानुसार आपल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं, आणि वर्ग ठरवताना पुस्तकांबरोबर सभासदही मोजतात. म्हणजे वहीत तुमचं नाव चढलं, तर वाचनालयालाही तेवढाच आधार!

तेव्हा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, असा कार्यक्रम असला की सगळ्यांना घेऊन जा. नसेल, तर "मुलांना गोष्टी मी सांगते" म्हणून पुढे व्हा. राजवाडा कधी उघडा असतो ते मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

आणि हो, वर्गणीची पावती स्वतःच्या नावानंच फाडून घ्या बरं का!