चिमटीतला धागा

नववा महिना भरला आणि नातीला गोवर-रुबेलाची लस दिली. त्यानंतर काही दिवस ती मला सोडेना. वडगावातल्या आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड असते. तिला ती पाळण्यापासून ओळखीची. पण सून कामाला निघाली की दाराकडे बघून हंबरडा. पूर्वी ती कुणाच्याही कडेवर हसत जायची. आता नजरेआड झालेलं माणूसही कुठंतरी असतं, हे तिला उमगलंय. समज येते ती अशी विरह घेऊनच येते का?

काल रांगता रांगता ती थांबली. फरशीवर रेशमाचा बारीक धागा पडला होता. आधी ती सगळा पंजा मारायची. काल अंगठा आणि तर्जनी जुळवून तिनं तो अलगद उचलला आणि बघत राहिली. मीही बघत राहिले.

शेजारच्या काकू तिला कन्नडमधून हाक मारतात, मी मराठीतून. ती दोघींकडे वळते. १९८४ साली वर्कर आणि टीस या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी कानांवर पडणाऱ्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त-टमधला फरक कळतो. वर्षाच्या सुमारास ती जाण बहुतेकांत ओसरते. म्हणजे वाढणं हे निवडणंही आहे. आमच्या सीमाभागातल्या या पोरीच्या कानात दोन्ही भाषा राहाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाकी कुठले आवाज तिच्यातून निघून चाललेत, कोण जाणे.